बाईच्या मापाचं फाटक

मी भांडायलाच फोन लावला होता. बागेचं फाटक दोन दिवसांपासून कुरकुरत होतं. ते कुरकुरलं की मी बशीरभाईंना फोन करायचा, "काय हो मिस्त्री, तुमचं काम रडून राह्यलं," असं म्हणायचं, त्यांनी पलीकडून "येतो ना बाई, तुमी नका रडू," म्हणायचं आणि संध्याकाळी तेलाची कुप्पी घेऊन हजर व्हायचं, असा आमचा कित्येक वर्षांचा रिवाज. त्या दिवशी पलीकडून "हॅलो" एवढंच ऐकू आलं आणि मी सुरू झाले. महिना उलटला, फिरकला नाहीत, कुठं मेलात... असं चांगलं मिनिटभर बोलले. मग पलीकडून हलकेच आवाज आला, "बाई, मी शबाना. अब्बा गेले. आज चौथा दिवस आहे."

"कुठं मेलात" हे शब्द माझ्याच तोंडचे. ते आता परत घेता येत नाहीत.

दुपारची नमाज पढून ते दुकानात आले, स्टुलावर बसले, छातीत कळ आली आणि बुलढाण्याला नेईपर्यंत सगळं संपलं होतं. मला आधी राग आला, रडू नंतर. "तू मले त्याच दिवशी काऊन नाही सांगितलं वं?" मी शबानाला विचारलं. ती म्हणाली, "बाई, आमच्या घराले पाच पायऱ्या हायेत. तुमी आल्या असत्या तर लोकायनं तुमाले उचललं असतं. अन् तुमाले उचललेलं चालत नाई, हे अब्बानं घरात सगळ्यायले सांगून ठेवलं होतं." फोन ठेवला आणि पदर डोळ्यांना लावून बसून राहिले.

परवा त्यांचा चाळिसावा झाला. या चाळीस दिवसांत मला एकच प्रश्न छळतोय, की या माणसाचं डोकं नेमकं चालायचं तरी कसं? मी आयुष्यभर मोताळ्यात शाळेत गणित शिकवलं. मुलांच्या वहीत पायरी चुकली की मला लगेच दिसायची. बशीरभाईंच्या हिशेबातली एक पायरी मात्र मी रोज डोळ्यांसमोर असून पाहिली नाही, आणि ती दिसली तेव्हा ते नव्हते.

बशीर मिस्त्री मूळचे धामणगाव बढ्याचे. मोताळ्यात त्यांचं वेल्डिंगचं दुकान. खिडक्यांच्या जाळ्या, शटर, फाटकं हे त्यांचं काम. ठिणग्यांनी भोकं पडलेला निळा शर्ट आणि कानामागे खडूचा तुकडा, असा त्यांचा कायमचा अवतार. शबाना माझ्या वर्गात आठवीत होती तेव्हा ते पालकसभेला आले. पालक येतात ते पोरीचे गुण विचारायला. हे आले आणि पिशवीतून वाकडा लोखंडी तुकडा काढून टेबलावर ठेवून म्हणाले, "बाई, ही कमान तुटली. गिऱ्हाईक म्हणते, अशीच दुसरी पाह्यजे. पन पुरी कमान तर कोनाजवळ नाई. आता येवढ्याशा तुकड्यावरून पुरा गोल कसा काढू?"

मागे पालकांची रांग लागली होती, तरी मला मोह आवरला नाही. मी फळ्यावर तो तुकडा काढला, त्यावर तीन खुणा केल्या, खुणा जोडल्या, दोन्ही रेषांच्या मध्यातून काटकोनात रेघा ओढल्या. जिथे त्या भेटल्या तिथे बोट ठेवलं आणि म्हटलं, "हा तुमचा मध्य." बशीरभाई फळ्याकडे पाहतच राहिले. "म्हंजे तुकडा सापडला तरी पुरा गोल सापडते?" "सापडतो." "भल्ली गोष्ट हाय ही!" असं म्हणून निघाले, दारापर्यंत गेले, मग आठवण होऊन वळले, "अन् आमची शबाना कशी हाय?"

तेव्हापासून उरलेसुरले खडू न्यायला ते शाळेत येऊ लागले. खडूचं निमित्त, खरं कारण म्हणजे प्रश्न. सायकलच्या चाकातल्या तारा तिरप्या काऊन? कुत्रं बसायच्या आधी गोल काऊन फिरते? मला येत असेल ते मी सांगायची, येत नसेल तर "मले नाही माहीत" म्हणायची. "मले नाही माहीत" म्हटलं की त्यांना जास्त आनंद व्हायचा. म्हणायचे, "मंग तर पाहाच लागन."

आमच्या कॉलनीत एक लहानशी बाग आहे. मधोमध करंजाचं झाड, त्याखाली बाकं, आणि संध्याकाळी आम्हा बायकांची बैठक. बाजाराच्या दिवशी मोकाट गायी आत शिरायच्या, जास्वंदी फस्त करायच्या. बाकीचे दिवस पोरं फटफट्या घेऊन थेट झाडापर्यंत. मी उच्छाद मांडला. बागेच्या समितीचे सचिव आमचे हेच, त्यामुळे तक्रार सकाळच्या चहापासूनच सुरू व्हायची. शेवटी ठरलं, दारात पाइपांचा नागमोडी अडथळा करायचा. माणूस वळून वळून आत जाईल, गाय आणि फटफटी अडकेल. काम बशीरभाईंना दिलं. त्यांनी विचारलं, जागा किती ठेवू? कोणालाच सांगता येईना. तेव्हा त्यांनी मला जमिनीवर खडूच्या दोन रेघांमध्ये उभं केलं, हातात भाजीची भरलेली पिशवी दिली आणि वळायला सांगितलं. मी तेव्हा चांगली भरल्या अंगाची होते. वळले, पिशवीसकट सुटले. बशीरभाई खूश. म्हणाले, "बाई गेली म्हंजे सारं गाव जाईन!" सगळे खो खो हसले, मीही हसले. मारे ऐटीत महिनाभर सांगत फिरले की फाटक माझ्या मापाचं आहे म्हणून.

पाच वर्षांनी स्कूटी घसरली आणि माझा मणका गेला. दवाखाने झाले, व्यायाम झाले, शेवटी व्हीलचेअर घरात आली. घरात ती चालवायला शिकले आणि एका संध्याकाळी म्हटलं, चला, बागेत. पहिल्याच वळणावर पायाची पट्टी पाइपला आदळली. टण्ण आवाज झाला. मागे घेतली, तिरपी केली, पुन्हा टण्ण. करंजाखालच्या साऱ्या जणी वळून पाहू लागल्या. चार भले लोक धावत आले, "मॅडम, उचलून नेतो ना, त्यात काय!" आणि नेलंच त्यांनी. एक, दोन, तीन म्हणत खुर्चीसकट मला उचललं. पदर कुठं, पाय कुठं, माझा मला पत्ता नाही. आत झाडाखाली नेऊन ठेवलं आणि ते गेले आपल्या कामाला. मग मला घरी केव्हा जायचं, हे त्या चौघांच्या सवडीवर! त्या दिवशी घरी येऊन मी ह्यांना सांगितलं, मी काही सोयाबीनचं पोतं नाही. जाईन तर माझी मी जाईन, नाहीतर ती बाग मला मेली.

समितीची बैठक झाली. एका माणसासाठी अडथळा काढला तर गायी येतील, म्हणून आहे तसंच राहू द्यावं, असं ठरलं. त्या ठरावाखाली सचिव म्हणून आमच्या ह्यांची सही. आठवडाभर मी त्यांच्याशी बोलले नाही. पण खरं सांगू का, मी त्या बैठकीत पायांवर उभी असते, तर हात वर करणाऱ्यांत मीही असते. हे कळत होतं म्हणूनच जास्त जळफळत होते.

आठ महिने मी बाग पाहिली नाही. मग न्हाणीघरात धरायला दांडी बसवायची म्हणून बशीरभाई आले. काम झाल्यावर हात पुसत म्हणाले, "बाई, बागेत काऊन नाई जात आता?"

"तुमच्या फाटकाले विचारा," मी फटकारलं.

ते तसेच उठून गेले. तासाभराने परत आले ते थेट ओट्यावर बसले. चेहरा उतरलेला. "बाई, हे तर आपन तुमच्याच मापानं केलं होतं..." एवढंच म्हणाले. मला वाटलं होतं, आता माफी मागतील, आणि मी माफी तोंडावर फेकायला तयारच होते. पण त्यांनी खिशातून टेप काढला आणि खुर्चीचं चाक मोजायला बसले.

पुढचे दोन-तीन महिने आमचं अंगण म्हणजे कारखाना झाला. समितीला त्यांनी कसं वळवलं ते मला माहीत नाही. बहुधा इतके प्रश्न विचारले असतील की समितीने कंटाळून होकार दिला असेल. पहिल्यांदा त्यांनी एक पाइप कापून जागा रुंद केली. मी आत गेले, आणि तिसऱ्या दिवशी माझ्या मागोमाग फटफट्याही गेल्या. एक गाय तर करंजाखाली आमच्याच जागेवर रवंथ करत बसली. बशीरभाईंनी पाइप परत जोडला. दुसऱ्यांदा त्यांनी दारात खड्डा खणून त्यावर आडवे पाइप टाकले. गाय अशा फटींवर पाय ठेवत नाही. गाय थांबली, पण माझी पुढची लहान चाकं फटीत रुतली. मी मधोमध अडकले, आणि हा बाबा समोर जमिनीवर उकिडवा बसून चाकाकडे निरखून पाहतोय! "बाई, हे पुढचं चाक येवढं लहान काऊन केलं असन?"

"अहो, आधी मले काढा, मग चाकाचं पाहा!" मी अशी ओरडले की अर्धी कॉलनी बाहेर आली.

तिसऱ्या वेळी ते म्हणाले, "बाई, राग नका मानू. मले बसू द्या या गाडीत." मला ह्यांनी पलंगावर बसवलं आणि बशीरभाई खुर्ची घेऊन अंगणात उतरले. खिडकीतून मी पाहत होते. आधी कुंडीला धडकले, मग नळाला. मग एक चाक पुढे, एक चाक मागे असं काहीतरी केलं आणि खुर्ची गर्रकन फिरली. ते थबकले. पुन्हा फिरवली. पुन्हा. साठीला टेकलेला माणूस अंगणात गोल गोल फिरतोय आणि ओरडतोय, "बाई! हे तर जागच्या जागी फिरते! फटफटी नाई फिरत! गाय नाई फिरत! फक्त तुमीच फिरता!"

"अन् बकरी?" मी खिडकीतून विचारलं.

"बकरीले कोनीच नाई अडवू शकत, बाई. तिले अक्कल हाय."

झालं, तिथेच गाठ सुटली. दारात पाइपांचा एक गोल कठडा, त्याच्या आत हलणारी एकच झडप. आपण गोलात शिरायचं, जागच्या जागी वळायचं, झडप आपल्या मागे ढकलायची, की पुढची वाट मोकळी. लांब अंगाची गाय किंवा फटफटी गोलात वळूच शकत नाही, आली तशी मागे जाते. ओट्यावर त्यांनी खडूने गोल काढला, मी खुर्चीत बसून त्रिज्या सांगितली. माझ्या फळ्यावरचा तो जुना तुकडा त्यांना आठवत होता. "तवा तुकड्यावरून गोल काढला होता, आता बाईवरून काढू," म्हणाले. मग मला म्हणाले, हात पुढे करा. बाजूला करा. कोपर वाकवा. जमिनीपासून मूठ किती, चाकापासून बोट किती... सगळं टेपने मोजलं. "माझ्या बोटांचं फाटकाशी काय काम?" मी विचारलं. "असंच, बाई. मोजून ठेवलेलं बरं राह्यते."

फाटक बसलं त्या संध्याकाळी नारळ घेऊन सगळे जमले. आमचे हे सवयीने खुर्ची ढकलायला मागे आले, तर बशीरभाईंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, "साहेब, तुमी मांगंच राहा." मी गोलात शिरले. एक चाक पुढे, एक मागे. झडप ढकलली, ती टक् करून बसली, आणि मी बागेत होते. माझी मी. आठ महिने अधिक तीन महिने, असं सगळं एकदम दाटून आलं. करंजाखाली पाहिलं तर लांब बाकाचा मधला भाग कापलेला. मी म्हटलं, हे कोणी मोडलं? बशीरभाई म्हणाले, "मोडलं नाई, जागा केली. बाईले कडेले कायले बसवायचं? मधात बसा, दोन्हीकडून गप्पा ऐकू येतात." त्या फटीत माझी खुर्ची बरोबर बसली. अजून बसते.

पुढे एका बाजाराच्या दिवशी हाताने चालवायच्या तीनचाकीवरून एक म्हातारेबुवा बागेत सावलीला यायला निघाले आणि गोलात अडकले. तीनचाकी लांब, ती कुठली जागच्या जागी वळते! बशीरभाईंना कोणी सांगितलंही नव्हतं. त्यांनी स्वतः पाहिलं आणि दोन बाजार टेप घेऊन तीनचाक्या मोजत हिंडले. लोकांना वाटलं, सरकारी माणूस आहे. मग फाटकाशेजारी एक रुंद दार केलं, आतून-बाहेरून बसल्याजागी उघडेल अशा कडीचं. मी म्हटलं, यातून गायी येतील. म्हणाले, "गायीले कडी उघडता येत नाई. शिकली तर मंग पाहू."

फक्त एक गोष्ट त्या फाटकात चुकलीय, असं मी कायम म्हणत आले. तेल घालायची टोपणाची वाटी त्यांनी खांबाच्या माथ्यावर न ठेवता मध्येच, कमरेच्याही खाली बसवली होती. तेल तिथून बारीक नळीने खाली उतरायचं. दर महिन्याला ते यायचे, कण्हत वाकायचे, कंबर धरून तेल घालायचे, आणि मी शेजारी खुर्चीत बसून चिडवायची, "मिस्त्री, इथं माप चुकलंच ना? जरा वर बसवली असती तर कंबर वाचली असती." ते मान हलवायचे. "चुकलं, बाई." मग चहा. मग प्रश्न. अलीकडे त्यांच्या डोक्यात झोका घोळत होता. "बाई, गाडीसकट झोका कसा करता येईन?" मी म्हटलं, या वयात मला झोका कायले? म्हणाले, "मन तर होत असन ना." मन होतं, पण मी तसं बोलले नाही. आता वाटतं, बोलायला हवं होतं.

चाळिसाव्यानंतर मी त्यांच्या दुकानात गेले. दुकान रस्त्याच्या पातळीला आहे, तिथे मला जाता येतं. शबाना आवराआवर करत होती. ती आता स्वतः शिक्षिका आहे, गणितच शिकवते. मी म्हटलं, "त्या फाटकाले आता तेल कोण घालणार वं? तुझ्या ओळखीचा कोणी असेल तर पाठव."

ती माझ्याकडे पाहतच राहिली. "बाई, कोणाले कायले पाठवायचं? ते तर तुमच्या हाताशीच ठेवलं ना अब्बानं."

मला उमगेना. तिने माझी खुर्ची मागच्या भिंतीशी नेली. धुराने काळ्या पडलेल्या भिंतीवर खडूच्या खुणाच खुणा होत्या, कोणाच्या खिडकीच्या, कोणाच्या शटरच्या. एका कोपऱ्यात वर लिहिलं होतं, 'बाई उभ्या'. तिथे दोन रेघा, पिशवीसकट माझ्या रुंदीच्या. त्याखाली 'बाई बसून', आणि एक गोल. आणि अगदी खाली, जमिनीपासून दीड हात उंचीवर एकच आडवी रेघ. तिच्यापुढे 'बाईचा हात, तेल'. शेजारी अर्धवट काढलेला झोका. मी हात पुढे केला. कोपर न वाकवता, खांदा न उचलता, बोटं बरोबर त्या रेघेवर टेकली.

"मग मले सांगितलं काऊन नाही? कंबर मोडून घेत राह्यले इतकी वर्षं!"

शबाना रडता रडता हसली. "मी विचारलं होतं, बाई. म्हणाले, सांगितलं तर त्या स्वतःच घालतीन. मंग मले कायले बोलावतीन?"

दुसऱ्याला उचलू देणार नाही म्हणून आठ महिने घरात बसलेली मी, तेल घालणं हे मिस्त्रीचं काम असं धरून चालले. आणि त्यांना ते दिसत असून त्यांनी मला दर महिन्याला भांडू दिलं. दोघांनाही ते भांडण हवं होतं, दुसरं काय!

शबानाने कुप्पी माझ्या मांडीवर ठेवली. संध्याकाळी मी एकटीच बागेपाशी गेले. ह्यांना म्हटलं, तुम्ही घरीच थांबा. गोलात शिरले, वाटीचं टोपण उघडलं. अगदी बोटाशी होतं. तेल सोडलं, झडप दोन-तीनदा पुढे-मागे हलवली. कुरकुर कमी झाली, मग थांबली. इतकी शांतता झाली की मला भडभडून आलं. मी तिथेच गोलात बसून मोठ्याने म्हटलं, "मिस्त्री, माप चुकलं नव्हतं हो."

मग डोळे पुसले, जागच्या जागी वळले, आणि आत गेले.